कडी लावू नकोस

१२ जानेवारी

ताई,

तुझा फोन वाजून वाजून बंद पडतो, म्हणून कागद घेतला. कागद कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील, एवढी तुला मी ओळखतो.

मी दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, चालत आलोय, चालतच परत जाईन. नुसत्या तपासण्या आहेत. खिडकीजवळची खाट मिळाली. बाहेर धुलाईघराचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि त्यावर वाळत टाकलेल्या हिरव्या चादरी. वारा आला की सगळ्या एकदम उठून बसतात, डॉक्टर फेरीला आल्यावर आम्ही बसतो तशा.

झालं असं. एका सकाळी मी कारखान्यात चष्म्याची काच घासत होतो. नंबर तपासायच्या यंत्रात रेघ एक दिसायला हवी, मला दोन दिसायला लागल्या. डोळे पुसले. मग घाम फुटला. पुढचं मला आठवत नाही, मालकांनी सांगितलं. मी यंत्र चालूच ठेवून उठलो आणि भिंतीला तोंड करून तिच्याशी बोलत उभा राहिलो. मालक म्हणाले, "सकाळी सकाळीच घेऊन आलात की काय?" इतक्या वर्षांत असं ते मला कधी म्हणाले नव्हते. मग त्यांनीच दाट साखरेचा चहा पाजला आणि थोड्या वेळात मी माणसात आलो. तोवर माझी काच चाकानं खाऊन टाकली होती.

"फिटच्या गोळ्या घेताय ना?" मालकांनी विचारलं.

"घेतोय की."

"मग फिट तुम्हाला नाहीच. दुसरा डॉक्टर बघा."

इथली डॉक्टरीणबाई वयानं आपल्या भाचीएवढी असेल. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, हे जेवणाआधी होतं की जेवणानंतर?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, उपासाला होतं, आणि जेवायला उशीर झाला तर. तिनं पेन खाली ठेवलं.

"तेव्हा नक्की काय होतं?"

"घाम येतो. हात कापतात. मग मी नसतो."

"नसता म्हणजे?"

"लोक म्हणतात, मी बोलतो."

"कुणाशी?"

यावर मी खिडकीबाहेरच्या चादरींकडे बघायला लागलो. दवाखान्यात देवाचं नाव घ्यायला जीभ का अडखळते कळत नाही. इथंच तर लोक ते सगळ्यात जास्त घेतात.

आता हसशील. उद्यापासून मला इथं उपास करायचाय. नुसत्या पाण्यावर, तीन दिवसांपर्यंत. हाताला सुई लावून ठेवणार, बोट टोचून साखर बघत राहणार, आणि मी 'नसेन' त्या वेळी रक्त काढून लगेच शिरेतून साखर देणार. "तुम्ही कधी पडताय याची आम्ही वाट बघणार," ती म्हणाली. मी म्हणालो, "बाई, तुम्ही पहिल्या नाही."

भाची काल भेटून गेली. बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "मामा, भाऊ बंदरात उतरला आणि जहाजावर परत चढला नाही, एवढंच त्या कंपनीनं कळवलं. बाकी सगळं तुम्ही कळवलंत. तुमच्या एका वाक्यावर आई त्या घरात उघड्या दारानं बसली आहे. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणते, भुंग्या आला आणि मी नसले तर?" ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, हेसुद्धा मला तुझ्याकडूनच कळलेलं.

मागच्या वर्षी तू म्हणालीस, अजून एकदा उपास धरून देवापुढे बस, भुंग्याचं विचार, आणि मी नको म्हणालो. तेव्हा मी कामावर दोनदा पडलो होतो. ते तुला सांगितलं नाही आणि तू समजलीस, भाऊ बदलला. आता आयता उपास आलाय. तुझा प्रश्न मनात धरूनच बसेन. मी काही बोललो तर लक्षात ठेवा, असं नर्सबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, "शिव्या दिल्यात तरी लक्षात ठेवीन, काका."

तुझा धाकटा


१६ जानेवारी

ताई,

उपास झाला. पहिला दिवस सरला, दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडलो. डॉक्टरीणबाई इतकी खूश झाली, जणू मी परीक्षेत पहिला आलो. साखर पार तळाला गेली होती आणि इन्शुलिन मात्र वाहत होतं. ती म्हणाली, "साखर खाली गेली की इन्शुलिननं गप्प बसायचं असतं. तुमचं गप्प बसत नाही. म्हणजे कुठंतरी एक गाठ आहे, ती आपल्या मर्जीनं ते सोडत राहते."

त्या गाठीच्या जातीला न्यूरोएंडोक्राइन म्हणतात. नाव पाठ करायला मला दोन जेवणं लागली. पोटात त्या कुठंही होतात, जठरात, आतड्यात, स्वादुपिंडात. काही मुक्या असतात, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. काही बोलक्या असतात, म्हणजे रक्तात काहीतरी सोडतात आणि त्याचा त्रास माणसाला होतो. "तुमची बोलकी आहे," ती सहज म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. तो शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

फिटच्या गोळ्या बंद झाल्या. नव्या गोळ्या इन्शुलिन दाबायच्या आहेत, त्यांनी पाय सुजतात. आता गाठ कुठं आहे ते शोधणार आणि मग बहुतेक काढणार.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर मी काही बोललो नाही. नर्सबाई म्हणाल्या, नुसते पुटपुटलात. तेव्हा त्याची वाट बघू नकोस.

भाची म्हणत होती, तुझ्या चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलाय. चष्मा पाठवून दे, मी नीट करतो. नाहीतर नंबर कळव.

तुझा धाकटा


३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. वर्षानं तुझं अक्षर बघितलं. "गाठ काढू नकोस. ती काढलीस तर मी विचारू कुणाला? निदान आधी एकदा बस." तब्येत कशी आहे हे विचारायला जागा उरली नसेल म्हणावं, तर अर्धं कार्ड कोरं होतं.

रागावलो नाही. म्हणजे रागावलो होतो, पण कार्ड हिच्या हाती लागल्यावर ती इतकी रागावली की माझ्यासाठी राग शिल्लक राहिला नाही.

गाठ सापडली. आधी मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, त्यात काहीच दिसलं नाही. मग तोंडातून दुर्बीण घातली. तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, ती जठराच्या आतून पलीकडचं स्वादुपिंड बघते. तिथं, शेपटीकडे, वाटाण्याएवढी. डॉक्टरीणबाईनं पडद्यावर दाखवली. करड्या ढगात एक काळा ठिपका. इतक्या लहान गोष्टीनं इतकं बोलावं याचं नवल वाटलं. त्यानंतर सुईतून औषध देऊन आणखी एक तपासणी केली, त्यात यकृत स्वच्छ निघालं. सर्जन म्हणाले, अशा गाठी बहुतेक पसरत नाहीत, पण काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही. शब्द न देणारा माणूस बघून बरं वाटलं.

आता ऐक, आणि ऐकल्यावर हे पत्र फाडलंस तरी चालेल. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. उपासात मी बोललो होतो. शुद्धीवर आल्यावर नर्सबाईंना विचारलं, तर त्या हसायलाच लागल्या. "काका, तुम्ही माझा हात गच्च धरलात आणि म्हणालात, 'कडी लावू नकोस. मुलगा येईल.' मी म्हटलं, इथं कडी कुठली, पडदा आहे. आणि मला दोन मुलीच आहेत हो, आता या वयात मुलगा कुठून आणता? मग रक्त न्यायला तो पोरगा आला, त्यालाही तेच. त्याचं अजून लग्न व्हायचंय, बिचारा लाजला!"

मीही हसलो. मग भिंतीकडे वळून पडलो.

ताई, अगदी तेच शब्द. भुंग्या गेला त्यानंतरच्या उपासाला तू समोर बसून विचारलंस, तेव्हा मी जे म्हणालो असं तू सांगतेस, तेच. तू विचारलंस म्हणून ते आले नव्हते. कुणीही विचारलं असतं, कुणीच विचारलं नसतं, तरी तेच आले असते.

हे लिहिताना मला वाटतंय की तुझ्या घरातला एक खांब मी हातानं काढतोय. पण तो खांब नव्हताच. तू त्याला टेकून बसली आहेस, म्हणून मला भीती वाटते.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

ताई,

हे तुला कळवणार नव्हतो. पण हिनं भाचीला सांगितलं, भाची तुला सांगेलच, तेव्हा माझ्याकडून ऐक.

मी बसलो होतो. तुझ्यासाठी.

ऑपरेशनपर्यंत मला थोड्या थोड्या वेळानं खायचंय. ही गजर लावून खायला घालते, लहान मुलाला घालावं तसं. शर्टाच्या खिशात साखरेची पुडी असते. परवा ही ऑपरेशनच्या कागदांवर सह्या घ्यायला दवाखान्यात गेली. निघताना ताट झाकून ठेवलं. मी ते उघडलं नाही. पुडी फळीवर ठेवली आणि देवापुढे बसलो. म्हटलं, नर्सबाईंशी तू बोलला नसशील, दवाखान्यात माणसं फार असतात. इथं आपण दोघंच आहोत. ताईच्या मुलाचं सांग. काहीही सांग, पण तू सांग.

पुढचं हिच्या तोंडून. मी न्हाणीघरात अंगावर कपडे घालून नळाखाली बसलो होतो. तिनं माझ्या गालात साखर कोंबली, ओठांवर पाणी सोडलं, आणि मी डोळे उघडेपर्यंत मला शिव्या देत होती. तिच्या तोंडून मी शिवी कधी ऐकली नव्हती. मग भिजलेल्या लुगड्यानं तिथंच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तुमच्या ताईला मुलगा हवाय. मला नवरा हवाय. देवाला सांगा, एका उपासात दोन्ही जमणार नाही."

मी लाज सोडून विचारलं, मी काय बोललो?

"तेच तुमचं. कडी लावू नकोस, मुलगा येईल. आणि पुढं काहीतरी नदीचं. नदीला पाणी आहे, वळसा घालून येत असेल. कुठली नदी हो? भुंग्या तर समुद्रावर गेला होता."

आणि ताई, मला कळलं.

तुला आठवतं? शाळा पलीकडच्या गावात होती. नदीला पाणी आलं की मला वरच्या पुलावरून वळसा पडायचा आणि दिवस मावळायचा. तुला अंधाराची भीती. तू कडी लावायला उठायचीस आणि आई कंदिलाची काच पुसता पुसता म्हणायची, "कडी लावू नकोस. मुलगा येईल. नदीला पाणी आहे, वळसा घालून येत असेल." मी दाराबाहेर चिखलाचे पाय पुसत ते ऐकायचो. कितीदा तर पाय पुसून झाले तरी उभा राहायचो. आत आपल्याबद्दल कुणी असं बोलतंय, हे ऐकायला बरं वाटायचं.

रक्तातली साखर संपते तेव्हा माणसाच्या तळाशी जे असेल ते वर येत असावं. माझ्या तळाशी आई होती. देव बोलत नव्हता, आई बोलत होती, आणि तीसुद्धा भुंग्याबद्दल नाही.

तुझं दुःख मोठं आहे, त्याच्याशेजारी माझं मांडत नाही. पण मीही काही गमावलंय. मी नसतो तेव्हा देव असतो, असं इतकी वर्षं मनातल्या मनात धरून होतो. कधी कुणाला बोललो नाही. कारखान्यात काच घासताना त्या विचारानं ऊब यायची. आता पूजेला बसतो तर वाटतं, ज्या खोलीत कुणी राहतंय असं समजत होतो, तिथं नुसता घाम फुटलेला मीच होतो.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

ताई,

उद्या ऑपरेशन. जमलं तर नुसती गाठ उकरून काढतील, नाहीतर स्वादुपिंडाची शेपटीही जाईल. उपाशी ठेवणार आहेत, पण शिरेतून साखर चालू राहील. पोट उपाशी आणि रक्त जेवलेलं. असला उपास वर धरतात की नाही, कोण जाणे.

हिनं मला विचारलं, घाबरलात का? म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग माझा हात सोडा, दुखतोय.

तू आली असतीस तर बरं वाटलं असतं. घर सोडवत नाही तुला, कळतं. तरी लिहितो.

तुझा धाकटा


२१ मार्च

ताई,

इतके दिवस पत्र नाही, कारण उठवत नव्हतं. गाठ निघाली, शेपटी वाचली. पण जखमेतून स्वादुपिंडाचा रस झिरपत राहिला. पोटातून नळी आणि नळीला पिशवी, ती घेऊन मी वॉर्डात फेऱ्या मारायचो. नर्सबाई म्हणायच्या, "काका बाजाराला निघाले." मध्ये ताप चढला आणि काही दिवस हिनं मला खरं काय ते सांगितलं नाही. आता नळी निघाली. गाठीचा अहवाल आला. वाढीचा वेग अगदी कमी, जवळपास पसरल्याची खूण नाही. वर्षातून एकदा दाखवायचं. उलट आता साखर थोडी वरच राहते. मालकांना कळवलंय, चहा बिनसाखरेचा.

परवा रक्त द्यायला उपाशी पोटी जायचं होतं. रांग मोठी, ऊन चढत गेलं. मी वाट बघत होतो, आता घाम येईल, आता हात कापतील. काही झालं नाही. भूक लागली, नुसती भूक, सगळ्यांना लागते तशी. बाकावर बसून मी डोळे मिटले आणि नाव घेतलं. कुणी आलं नाही, कुणी बोललं नाही. मी मात्र सगळा वेळ तिथंच होतो. शेजारची बाई मुलाचं नाक पुसत होती, तेही ऐकू येत होतं. पहिल्यांदाच मी पूर्ण शुद्धीवर राहून उपाशी पोटी त्याच्यापुढे बसलो. तो होता की नाही हे सांगणारा मी कोण? पण मी उठून गेलो नाही.

घरी आलो तर भाचीचा फोन. रडत होती. गेल्या आठवड्यात भर दुपारी तू आडवी झाली होतीस, कुणीतरी आत आलं, तू डोळे न उघडता विचारलंस, "आलास का रे?" आणि तो "हो" म्हणाला. पितळेची भांडी नेली. भाचीला तू म्हणालीस, भांड्यांचं काही नाही गं, पण त्यानं हो का म्हणावं?

ताई, हे ऐकलं आणि मी उठून कारखान्यात गेलो, कशाला ते खाली सांगतो.

तुझ्या मनातलं मी बदलू शकत नाही. भुंग्या येईल की नाही, मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. वाट बघायची असेल तर बघ, ती तुझी आहे, कुणाच्या वाक्यावर ती उभी राहायची गरज नाही. पण दार उघडं ठेवायला सांगणारं वाक्य माझं होतं, आणि ते मी परत घेतो. भुंग्या आला तर दार वाजवील. मोठमोठ्यानं गुणगुणत, दार बडवत येणारा मुलगा तो, गुपचूप आत शिरणारा नव्हे.

मी येतोय. हे जेवून, शुद्धीवर राहून लिहितोय. सर्जननी प्रवासाला हो म्हटलंय, हिनंही म्हटलंय, डबा बरोबर नेण्याच्या अटीवर. कारखान्यात बसून मी दोन काचा घासल्या आणि एका पितळी नळीत बसवल्या. तुझ्या दाराला भोक पाडून ती बसवणार आहे. आतून डोळा लावलास की बाहेरचा माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल. आधी बघायचं, मग उघडायचं. भाचीकडून नंबर घेऊन तो तुझ्या डोळ्याला जुळवूनच केलाय, चष्मा शोधत बसायला नको. दांडीला बांधलेला तो दोराही सोडवून टाकतो.

रविवारी संध्याकाळपर्यंत पोचेन. गाडीला उशीर झाला तरी काळजी करू नकोस, आणि दारात उभी राहू नकोस. आतून कडी लावून घे. मी बाहेर पाय पुसीन आणि मग वाजवीन.

तुझा धाकटा